पुराचा इशारा, सभेचा ठराव आणि पीएच.डी.चा आराखडा : सीमाभागातील संशोधन मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव सीमाभागातील विद्यापीठे व संशोधन केंद्रांतील मराठी, पत्रकारिता, इंग्रजी आणि समाजशास्त्र विभागांचे पीएच.डी. मार्गदर्शक व संशोधन सल्लागार समित्यांचे सदस्य यांस,

महोदय, महोदया,

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी विद्यार्थी पीएच.डी.च्या नोंदणीला येतो तेव्हा त्याच्यापुढे बहुधा दोनच वाटा असतात. एक, कुणा कादंबरीकाराच्या किंवा कवीच्या साहित्याचा ‘चिकित्सक अभ्यास’. दुसरी, एखाद्या वाङ्मयप्रवाहातील निवडक कलाकृतींचा अभ्यास. या वाटांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु इथला माणूस ज्या मराठीत सभा गाजवतो, अर्ज करतो, नोटीस काढतो, बातमी देतो, हिशेब मांडतो आणि धोका कळवतो, त्या मराठीचा अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी मात्र आपल्या विभागांच्या दारांवरून फिरून परत जातो. वक्तृत्व, माध्यमे आणि व्यावसायिक संज्ञापन (कामकाजातील संवाद व लेखन) या क्षेत्राला सीमाभागातील संशोधन केंद्रांत रीतसर जागा मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी एका पदवी महाविद्यालयात उपयोजित मराठी शिकवतो आणि विद्यार्थ्यांचे आराखडे नोंदणीपूर्वी माझ्याकडे वाचायला येतात, एवढाच माझा या विषयातला अधिकार.

अलीकडेच वाचलेल्या एका आराखड्याबद्दल सांगतो. नदीकाठच्या गावांत पुराचा इशारा कसा पोहोचतो, कोणत्या शब्दांत पोहोचतो आणि तो ऐकून लोक काय करतात, हा त्या विद्यार्थिनीचा विषय होता. मराठी विभागात तिला ‘यात साहित्य कुठे आहे?’ असे विचारण्यात आले. पत्रकारिता विभागाने ‘दवंडी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप म्हणजे काही वृत्तमाध्यम नव्हे’ असे सांगितले. तिसऱ्या ठिकाणी आपत्ती व्यवस्थापनाकडे बोट दाखवले गेले. शेवटी तिने एका दिवंगत कादंबरीकाराच्या स्त्रीपात्रांवर आराखडा दिला आणि तो पहिल्याच बैठकीत मंजूर झाला.

त्या टाकलेल्या विषयात काय होते, हे थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे. पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. तेच पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधाऱ्यावर येते, तेव्हा ते क्युसेकमध्ये सांगितले जाते. पुढे ते कर्नाटकात शिरते, दूधगंगेला पोटात घेते आणि आलमट्टीच्या बातमीत मीटरवर जाते, कारण त्या धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे. धरणांतला साठा पुन्हा निराळा, तो टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. एका नदीची चार मापे, दोन राज्यांची प्रशासने आणि दोन भाषा. भोज किंवा कारदग्याच्या शेतकऱ्याला मात्र एवढेच हवे असते की आज रात्री गोठ्यात पाणी येणार का, आणि उद्या पहाटे दूध घालायला जाताना मधला बंधारा पाण्याखाली असेल का. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर; तेव्हा एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर, हे गणित चोख असूनही दावणीची जनावरे सोडावीत की नाही, याबद्दल त्या माणसाला काहीच सांगत नाही. त्यात कृष्णा तुडुंब भरली की दूधगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, फुगवटा चढतो, आणि वर पाऊस उघडला असतानाही वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या शिवारात पाणी वाढतच राहते. ‘पाऊस थांबला’ ही बातमी खरी असते आणि दिशाभूलही करते.

आता या इशाऱ्याचा प्रवास पाहा. वरून येणारा आदेश कानडीत असतो. तलाठी किंवा पंचायतीचा विकास अधिकारी (पीडीओ) त्याचा सारांश मराठीत तोंडी सांगतो. मग देवळाच्या भोंग्यावरून हाळी दिली जाते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ असे वाक्य येते. दरम्यान तारीख नसलेला, पुष्कळदा २०१९ च्या पुराचाच एखादा व्हिडिओ गटागटांतून फिरत असतो आणि जत्राट-भिवशी किंवा सिदनाळ-अक्कोळ बंधाऱ्याचे नाव कुणीतरी त्यावर चिकटवलेले असते. या साखळीत इशारा कुठे पातळ झाला, कुठे फुगला, कुणाच्या तोंडून आल्यावर लोकांनी तो खरा मानला, आणि ‘सतर्क राहावे’ ऐकून माणसाने नेमके काय करायचे होते, हे सगळे प्रश्न वक्ता, श्रोता, प्रसंग आणि परिणाम यांचे आहेत. वक्तृत्वशास्त्र ॲरिस्टॉटलपासून याच चार गोष्टींचा विचार करत आले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिलेल्या या काठावर हा प्रश्न कुणाला पोकळ वाटू नये.

बाहेरच्या विद्यापीठांत ही विद्याशाखा कधीच स्थिरावली आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन किंवा आयोवा स्टेट येथे वक्तृत्व आणि व्यावसायिक संज्ञापन यांत पीएच.डी. करता येते. तिथल्या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा तपासलेला एक प्रसंग नासाच्या ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत थंडीमुळे रबरी कड्यांना धोका असल्याचे तक्ते दाखवून सांगितले, व्यवस्थापनाला ते पटवता आले नाही, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटून सातही अंतराळवीर गेले. माहिती उपलब्ध होती, पण ती ज्या रीतीने मांडली गेली तीत निर्णय बदलण्याचे बळ नव्हते. त्या बैठकीतील तक्ते आणि कार्यालयीन टिपणे यांवर प्रबंध होऊ शकतात, तर राजापूर बंधाऱ्यावरून निघालेल्या निरोपावर का होऊ नयेत?

वक्तृत्वाच्या बाबतीत तर बेळगावला परक्या उदाहरणांची गरजच नाही. २८ एप्रिल १९१६ रोजी होमरूल लीगची स्थापना याच शहरात झाली आणि १ मे रोजी लोकमान्य टिळकांनी इथे स्वराज्यावर भाषण केले. ते भाषण आणि त्यानंतरची अहमदनगरची दोन भाषणे यांवरून टिळकांकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि जामीनदार मागण्यात आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द झाला. न्यायमूर्ती बॅचलर यांच्यापुढे प्रश्न होता तो सुटी वाक्ये वेचून वक्त्याला दोषी धरायचे, की सबंध भाषण वाचून श्रोत्यांवर होणारा त्याचा एकंदर परिणाम पाहायचा. त्यांनी दुसरा मार्ग धरला. बेळगावात मराठीत झालेल्या एका भाषणाचे इतके काटेकोर वाचन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका न्यायालयाने केले. आपल्या विभागांनी त्यानंतर या शहरातील किती भाषणे तशी वाचली?

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचे तीन प्रकार सांगितले: न्यायासनापुढचे, सभागृहातले आणि समारंभातले. हे तिन्ही एकाच वादाभोवती जिवंत चालू असलेले शहर शोधायचे तर बेळगावपलीकडे जावे लागणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा सीमाप्रश्न २००४ साली महाराष्ट्राच्या दाव्याने सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ साली उद्घाटन झालेल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाची हिवाळी अधिवेशने भरतात आणि त्यांना उत्तर म्हणून मराठी भाषक महामेळाव्याची हाक देतात. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होते. १ नोव्हेंबरला तर एकाच शहराच्या रस्त्यांवर एकीकडे राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात आणि दुसरीकडे काळ्या दिनाची मूक सायकल फेरी. घोषणा, चित्ररथ आणि ध्वनिक्षेपक यांनी भरलेल्या दिवशी गप्प राहून केलेला युक्तिवाद कुणापर्यंत पोहोचतो आणि कुणासाठी तो केवळ वाहतुकीचा खोळंबा ठरतो, यावर एखाद्या धीट विद्यार्थ्याने काम करायला हवे. २०१४ च्या जुलैत हटवण्यात आलेला येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक, त्याभोवतीच्या दोन्ही भाषांतील बातम्या, अग्रलेख आणि निवेदने हेही असेच साहित्य आहे.

इथे ‘विषय संवेदनशील आहे’ हा आक्षेप येईल, हे मी जाणतो. तो खोटा नाही. नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्याला आणि मार्गदर्शकाला याच गावात राहायचे असते. परंतु विश्लेषण म्हणजे प्रचार नव्हे, आणि संवेदनशील विषयाला हात न लावण्याने तो केवळ व्यासपीठावरच्या वक्त्यांच्या स्वाधीन होतो. उलट, मला वाटते की असे संशोधन झाले तर पहिली अडचण आपल्याच बाजूची होईल. सीमालढ्याच्या व्यासपीठावरून गेली कित्येक दशके ‘रक्ताचा शेवटचा थेंब’, ‘अस्मिता’, ‘निर्धार’ हीच शब्दसंपदा फिरते आहे. वक्ते बदलले, श्रोत्यांची तिसरी पिढी आली, तिची नोकरीची आणि शिक्षणाची चिंता निराळी झाली, तरी भाषणाचा सांगाडा हलला नाही. आपण टाळ्या वाजवल्या, तपासणी केली नाही. न्यायदर्शनात चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य जाणण्यासाठी चाललेली चर्चा, जिंकण्यासाठी चाललेली आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे केवळ खोडण्यासाठी चाललेली. या कसोटीवर दोन्ही बाजूंच्या नेत्यांची विधिमंडळातील आणि वृत्तवाहिन्यांवरील भाषणे लावून पाहावीत. निष्कर्ष कुणालाच फारसे सुखावणारे नसतील, असा माझा अंदाज आहे.

सामग्रीची वानवा तर मुळीच नाही. शि. म. परांजपे १९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि १९४६ साली इथेच ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर अशा गावांनी स्वतःच्या बळावर साहित्य संमेलने भरवली; त्यांतील अध्यक्षीय भाषणांच्या पुस्तिका, स्वागताध्यक्षांची मनोगते, ग्रंथदिंडीची निमंत्रणे आणि ‘हे संमेलन शासनाकडे अशी मागणी करते की’ या ठरीव शब्दांनी सुरू होणारे ठराव कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत. ठराव मांडणारा, अनुमोदन देणारा आणि हात वर करणारा शेतकरी यांतल्या कुणालाच तो शासनापर्यंत जाईल अशी फारशी आशा नसते, तरीही तो दरवर्षी नव्याने, नेमक्या त्याच भाषेत होतो. मग तो नक्की कुणाला उद्देशून असतो? मला वाटते, गावाने गावालाच दिलेले ते उत्तर आहे. पण हे माझे केवळ मत आहे आणि ते तपासायला कुणीतरी त्या पुस्तिका ओळीने मांडून बसायला हवे.

निपाणीचे १९८१ चे तंबाखू आंदोलन हा असाच एक मोकळा विषय. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला आणि एप्रिलमधील पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या आंदोलनाचा राजकीय आणि आर्थिक इतिहास लिहिला गेला. रस्त्यावर ठाण मांडलेल्या हजारो माणसांना दिवसेंदिवस बसवून ठेवणारी भाषणे कशी रचलेली होती, बाजारभावाचे गणित त्यांत कसे सांगितले जाई, याकडे भाषाभ्यासकांनी पाहायला हवे. ती ऐकलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत.

व्यावसायिक लेखनाकडे तर आपले विभाग कमीपणाने पाहतात. सीमाभागातील मराठी सहकारी पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस हाती घेऊन पाहा. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ येथून ती सुरू होते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे’ येथे संपते आणि तळाशी बारीक टाइपात ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही’ ही टीप असते. त्या एका टिपेत सभासदांच्या उपस्थितीविषयी संस्थेची अपेक्षा काय आहे, हे पुरते कळते. आतल्या अहवालात नफ्याच्या वाक्याला कर्ता असतो: संचालक मंडळाने काटकसर केली, सेवकांनी परिश्रम घेतले. थकबाकीच्या वाक्याला कर्ता नसतो: ‘वसुलीसाठी प्रयत्न चालू आहेत.’ सभासदाचा पैसा ज्या भाषेत सांभाळला जातो ती भाषा वाचायला शिकवणे हे मराठी विभागाचे काम नसेल, तर ते कुणाचे? नाडकचेरीतील (स्थानिक महसूल कार्यालयातील) अर्ज, हेस्कॉमचे वीजबिल, जमिनीचा उतारा हे कानडीत असतात आणि ऑनलाइन सेंटरवरचा एखादा मुलगा ते मराठीत समजावून देतो. कायद्याने कोणतीही जबाबदारी नसलेला हा मुलगा खेड्यातला सर्वांत महत्त्वाचा संज्ञापक बनला आहे. त्याच्यावर स्वतंत्र प्रबंध व्हावा.

वृत्तपत्रांविषयी थोडक्यात. १९१९ पासून चालत आलेल्या ‘तरुण भारत’सारख्या दैनिकामुळे इथे शतकभराची मराठी पत्रकारिता हाताशी आहे. तिच्यावर झालेले लेखन बहुतेक अग्रलेखांच्या अंगाने जाते. निधनवार्तांचा रकाना, रक्षाविसर्जनाची वेळ सांगण्याची रीत, नातेवाइकांचा क्रम, गल्लीचा आणि मूळ गावाचा उल्लेख यांवरून जात, स्थलांतर आणि प्रतिष्ठा यांचा जो नकाशा निघेल तो अग्रलेखांतून निघणार नाही.

राहिला नियमांचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी विभागाबाहेरचा, इतकेच नव्हे तर विद्यापीठाबाहेरचा सहमार्गदर्शक नेमण्याची मुभा दिली आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे आहे आणि विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी संबंधित अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण मिळावे, असेही त्यात म्हटले आहे. तेव्हा ‘हा आमच्या विभागाचा विषय नाही’ हे उत्तर नियमाच्या आधाराने देता येत नाही. मराठी आणि पत्रकारिता, किंवा मराठी आणि समाजशास्त्र असे दोन मार्गदर्शक एका विद्यार्थ्याला द्या. सीमाभागात मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की कन्नड विभागातील सहमार्गदर्शक घ्या. आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना शाळेपासून कानडी वाचता येते. ती आपण लादलेली गोष्ट मानून बाजूला ठेवतो. संशोधनात तेच त्यांचे भांडवल आहे, कारण एकाच घटनेवरची दोन्ही भाषांतील निवेदने मुळातून वाचू शकणारा अभ्यासक पुण्यात किंवा बंगळूरमध्ये सहज सापडत नाही. कन्नडमधील उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ नवव्या शतकातला ‘कविराजमार्ग’, तो अलंकारशास्त्राचा आहे, आणि कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचे त्यातले विधान आज सीमावादात पुरावा म्हणून पुढे केले जाते. काव्य कसे लिहावे हे सांगणाऱ्या ग्रंथातील ओळ राजकीय युक्तिवादात कशी गेली, याचा शोध दोन्ही विभागांनी मिळूनच घ्यायचा आहे.

विश्लेषणाची पद्धत कोर्सवर्कमध्ये शिकवावी लागेल, हे उघड आहे. भाषणाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून घेणे, त्यात थांबे, हशा आणि घोषणा यांच्या खुणा करणे, मुलाखतीला लेखी संमती घेणे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप वापरताना नावे आणि क्रमांक झाकणे, ही कामे ‘चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकाखाली आपोआप येत नाहीत. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो तेव्हा परिशिष्टातला प्रत्येक निरोपही जगापुढे जातो, याचे भान आधीच द्यावे लागेल. आणि मौखिकीला बोलावलेल्या तज्ज्ञाने ‘याचे वाङ्मयीन मूल्य काय?’ असे विचारू नये, एवढी तज्ज्ञांची निवड नीट व्हावी.

सगळ्यांत निकडीची गोष्ट सामग्री जपण्याची आहे. जुन्या सभांच्या कॅसेटच्या फिती चिकटू लागल्या आहेत, संस्थांच्या जुन्या इतिवृत्तवह्या कार्यालये बदलताना रद्दीत जातात आणि पुराच्या रात्रीचे निरोप फोन बदलला की नाहीसे होतात. प्रत्येक संशोधन केंद्राने ग्रंथालयातील एक कपाट आणि संगणकावरील थोडी जागा यासाठी राखून ठेवावी, आणि नोंदवही उघडावी. सीमाभागातील पतसंस्थांच्या सभेच्या नोटिसा, ग्रामीण संमेलनांच्या पुस्तिका आणि काही भाषणांची ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत. जे केंद्र त्यांची रीतसर पोहोच देईल आणि ही सामग्री विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवील, त्याच्या स्वाधीन करायला मी तयार आहे. संशोधन सल्लागार समितीच्या पुढील बैठकीत हा विषय कार्यसूचीवर घ्यावा आणि पूर-इशाऱ्यांवरचा तो आराखडा पुन्हा मागवावा, ही विनंती. विद्यार्थिनीची नोंदणी नुकतीच झाली आहे. विषय बदलून मागण्याइतका वेळ तिच्याकडे अजून आहे.

कळावे,

आपला,
सीमाभागातील एक मराठीचा अध्यापक
बेळगाव